आलोच म्हणणारे अण्णा

माझं सामान घेऊन आलेला टेम्पो बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या अरुंद क्रॉसमध्ये, म्हणजे गल्लीत, मागे मागे येत होता, आणि टेम्पोच्या पाठीवर थापा मारत कोणीतरी ओरडत होतं, “बर्ली… बर्ली… बर्ली… साकु!” येऊ दे, येऊ दे, बस झालं. एवढं कन्नड मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण ‘साकु’ झाल्यावर टेम्पो फाटकाच्या खांबापासून चार बोटांवर थांबला होता. ओरडणारे गृहस्थ सत्तरीचे, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. मला वाटलं, वॉचमन. मी त्यांना म्हटलं, “दादा, कपाट जरा सांभाळून हं.” त्यांनी कपाटाचं एक टोक धरून ते वरच्या मजल्यापर्यंत पोचवलं, मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “मीच ओनर. वर पाणी सोडलंय. गीझर स्वल्प वेळ घेतो. आलोच,” असं म्हणून ते जिना उतरून गेले. ते पुन्हा दिसले संध्याकाळी, शेजारच्यांच्या टाकीवर चढलेले.

‘आलोच’ म्हणजे आता ते येणार नाहीत, हे कळायला मला आठवडा लागला. अण्णा बोलता बोलता उठत, नव्हे, ते मुळात बसलेलेच नसत. बोलता बोलता चालू लागत. तुम्ही भाड्याच्या कराराबद्दल विचारावं, त्यांनी “सांगतो की, आलोच” म्हणावं आणि तुम्हाला ते रस्त्यापलीकडे कोणाची तरी मोटार ढकलताना दिसावेत. कॉफीसुद्धा ते फिरत फिरत प्यायचे. त्यामुळे त्यांचा स्टीलचा पेला कधी कंपाउंडच्या भिंतीवर, कधी मीटरच्या पेटीवर आणि एकदा तर माझ्या चपलांच्या स्टँडवर सापडला. बसायला खुर्ची दिली की ती उचलून तिचे पाय तपासायचे. “हलतंय की हे,” असं म्हणून खुर्ची घेऊनच निघायचे.

त्यांचं घराणं इथलंच, तीन-साडेतीनशे वर्षांचं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नसे. “आमचे लोक घोड्यावर बसून आले, अक्का,” ते मला सांगत. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणत आणि मी त्यांना अण्णा. “तुम्ही अजून घोड्यावरून उतरलेले दिसत नाही,” मी एकदा म्हटलं. ते मनापासून हसले आणि हसत हसतच गच्चीवर निघून गेले. लहानपण जुन्या बेंगळुरूतल्या चामराजपेटेत गेलं, नोकरी एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. तिथे रॅकांवर खडूने खुणा करायची सवय लागली ती कायमची. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच. घरातल्या भिंतींवर, पायऱ्यांवर, पंपाच्या पाइपवर त्यांच्या फुल्या होत्या. त्यातल्या निम्म्या कशासाठी केल्या, हे ते स्वतःच विसरले होते.

मी नाशिकची, घाईच्या स्वभावाची. मला वाटायचं, आपण फार धावपळ करणारी माणसं. अण्णांना पाहून मला पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला तरी सांगावंसं वाटलं, की बाबा, जरा टेक.

पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी माझा लॅपटॉप जप्त केला. बेंगळुरूत त्या दिवशी जो तो आपली गाडी, आपली अवजारं धुऊन पुजतो. गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. अण्णांच्या घरची रीत त्याच्या एक पाऊल पुढे होती. तळघरातल्या शिडीपासून किसणीपर्यंत सगळं देवघरासमोर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, फूल वाहायचं. आणि एकदा फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी, दशमीला, दहीभाताचा नैवेद्य दाखवेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. माझा लॅपटॉप पाटावर मिक्सर आणि पान्याच्या मधोमध झेंडू घालून ठेवला होता. मी काकुळतीला आले, “अण्णा, माझी मीटिंग आहे हो.” अण्णा म्हणाले, “वर्षभर राबतंय बिचारं. एक दिवस त्याला आराम नको?” मी म्हटलं, “मग तुम्हीही घ्या की एक दिवस.” “मी काय पाना आहे?” असं म्हणून ते कोहळा आणायला गेले. मीटिंग मी फोनवरून केली, तीही फोन लपवून, नाहीतर तोही पाटावर गेला असता.

त्यांची मुलगी मेधा दर रविवारी यायची. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायची, नोकरीही तिथेच. पांढरी विजेवर चालणारी गाडी घेऊन अकराला यायची. अण्णा सकाळपासून फाटकाशी येरझारा घालत असायचे. गाडी वळली की “बर्ली, बर्ली” सुरू व्हायचं. ती गाडी उलटी आत घ्यायची, म्हणजे निघताना सोपं. वडिलांच्या हातात फळांची पिशवी द्यायची, आईच्या फोटोसमोर उभी राहायची आणि बारा वाजता म्हणायची, “चार्ज कमी आहे, अण्णा. इथे लावायची सोय नाही. निघते.” जेवायला थांबायची नाही. अण्णा “सरी, सरी”, बरं बरं, म्हणायचे. गाडी गेली की दिवसभर घराभोवती फिरायचे, फुल्या करायचे.

एकदा जिन्यात मीच मेधाला म्हटलं, “थांबत जा गं. वाट पाहतात ते.” चांगली मुलगी, चिडली नाही. म्हणाली, “थांबून काय करू, अक्का? ते बसतात कुठे माझ्यासमोर? आई शेवटी हॉस्पिटलमध्ये होती ना, तिथेही हे असंच. ज्यूस आणतो, डॉक्टरांना बघतो, आलोच. दिवसभर खाली-वर. शेवटी आई सारखी विचारत होती, अण्णा कुठेत, अण्णा कुठेत. मी सांगत राहिले, येतीलच. ते आले तेव्हा ती गेली होती. हातात शहाळं घेऊन उभे होते दारात.” तिने गाडीची किल्ली बोटात फिरवली. “मला त्यांचा राग येतो आणि त्यांना एकटं ठेवल्याबद्दल स्वतःचाही राग येतो. म्हणून तासाभराच्या वर नको वाटतं.”

मी हे अण्णांना कधी सांगितलं नाही. पण त्यांना सगळं ठाऊक असणार. एका सोमवारी सकाळी ते माझ्या दारात आले आणि चक्क उंबऱ्यावर टेकले, दोन मिनिटं तरी. म्हणाले, “अक्का, गॅरेजात चार्जिंगचा पॉइंट बसवतो. मग तिला जायला कारण उरायचं नाही. काय?” त्या ‘काय’मध्ये फार आशा होती. कारण उरलं नाही तरी ती जाऊ शकते, हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “बसवा, अण्णा. लगेच बसवा.”

त्यापूर्वी त्यांनी आपल्या बुद्धीने एक प्रयोग केला होता. दिवाणखान्याच्या खिडकीतून टेबलफॅनची एक्स्टेन्शन वायर सोडून मेधाला म्हणाले, लाव. थोड्याच वेळात प्लास्टिक जळल्याचा वास आला. मेधाने धावत जाऊन बटण बंद केलं. “अण्णा, घर जाळाल एखाद्या दिवशी,” ती म्हणाली आणि त्या दिवशी साडेअकरालाच गेली. त्यामुळे आता काम रीतसर व्हायला हवं होतं. मीटर बोर्डापासून गॅरेजपर्यंत जाड तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा ट्रिप होणारा स्विच, पक्कं अर्थिंग आणि सोळा अँपिअरचा सॉकेट. आमच्या क्रॉसमध्ये पावसाळ्यात पाणी तुंबून गॅरेजात शिरतं, म्हणून सॉकेट छातीएवढ्या उंचीवर.

इलेक्ट्रिशियन मंजुनाथ हा गोड बोलणारा माणूस. फोन केला की म्हणायचा, “बंदे सार!” म्हणजे आलोच. सोमवारी बंदे, बुधवारी बंदे, शनिवारी बंदे. अण्णा फाटकाशी उभे राहून त्याची वाट पाहायचे आणि चिडून मला सांगायचे, “काय माणूस आहे! आलो म्हणतो आणि येत नाही.” मी गंभीर चेहरा ठेवून “कठीण आहे हो” म्हणायचे. माझ्या मनातलं त्यांनी ओळखलं असावं. एकदा बोलता बोलता मध्येच त्यांनी खडूने फाटकावर उगाच एक रेघ ओढली.

दरम्यान जागा ठरत नव्हती. मेधाच्या गाडीला वायर नेमकी कुठे लावतात, हे तिला फोन करून विचारावं तर अण्णा म्हणत, “आश्चर्य राहायचं नाही.” मग हेरगिरी माझ्याकडे आली. पुढच्या रविवारी मी कचऱ्याची पिशवी घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मेधाने मला विचारलंही, “काही हवंय का?” झाकण डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर. मी तसं सांगितलं. अण्णांनी गॅरेजात शिरून डाव्या भिंतीवर फुली मारली. अखेर अवतरलेल्या मंजुनाथने तिथे छिन्नी-हातोड्याने झिरी पाडली, सॉकेटच्या डब्यासाठी खड्डा केला, वायरचं मोजमाप घेतलं आणि चहा प्यायला गेला. तेवढ्यात अण्णा फाटकापासून गॅरेजकडे पाठ करून उलटे चालत येऊ लागले. स्वतःच गाडी झाले होते ते. तोंडाने हळू “बर्ली, बर्ली” चालू होतं. गॅरेजात शिरल्यावर डावा हात पसरला, तो उजव्या भिंतीला लागला. “अय्यो!” ते ओरडले. गाडी उलटी आत येते, तेव्हा तिची डावी बाजू आमच्या उजवीकडे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मंजुनाथ म्हणाला, वायर लांब असते सार, जमिनीवरून येईल पलीकडे. अण्णा ऐकेनात. “पाण्यातून वायर? माझी मुलगी ओल्या जमिनीवर उभी राहून लावणार?” डाव्या भिंतीतला खड्डा सिमेंटने बुजवला आणि उजव्या भिंतीत नवा झाला. त्या सिमेंटचा ठिगळासारखा डाग अजून तिथे आहे. काम पुरं झालं ते नवरात्रात. अण्णांनी मला मेधाला निरोप पाठवायला लावला, ‘नवमीला ये. गॅरेजात पॉइंट तयार आहे. दिवसभर लावता येईल. जेवायलाच ये.’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘सरी. मैसूरला काम आहे, तिकडून थेट येते.’ ते उत्तर अण्णांनी माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचलं, फोन हातात घेऊन अंगणात चकरा मारत.

नवमीच्या सकाळी अण्णा नुसते भिरभिरत होते. माझा लॅपटॉप मी आदल्या दिवशीच मुकाट्याने पाटावर नेऊन ठेवला होता. शिडी झाली, पाना झाला, मिक्सर झाला. मेधा आली तेव्हा मी कोहळ्यात कुंकू भरत होते. बर्ली, बर्ली झालं, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फुटला. मेधा थकलेली होती, पण हसत होती. डिकीतून चार्जिंगची वायर काढून ती गॅरेजात गेली आणि तिथेच थबकली.

उजव्या भिंतीवरच्या नव्याकोऱ्या सॉकेटला हळदी-कुंकवाची बोटं लावलेली होती. स्विचवर झेंडूची माळ होती. घरातलं सर्वांत नवं हत्यार, म्हणून अण्णांनी सगळ्यात आधी, पहाटेच त्याची पूजा उरकली होती. आणि पूजा झालेल्या वस्तूला उद्या दहीभात होईपर्यंत हात लावायचा नाही. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही हे आत्ताच, आमच्याबरोबरच कळत होतं. इतके दिवस ज्यासाठी भिंती फोडल्या, ते त्यांनी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलं होतं.

“गाडी रिकामी आहे, अण्णा,” मेधा म्हणाली. “तुम्ही म्हणालात म्हणून वाटेत कुठे लावली नाही.” तिचा आवाज चढला. “मला अडकवायचं होतं तर सरळ सांगायचं ना. थांब म्हणून कधी तोंडाने म्हणालात? आईला तरी म्हणालात का कधी, मी थांबतो म्हणून?” तिने वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. “इथून पुढच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत जाईल कशीतरी. निघते मी.”

मला वाटलं, आता अण्णा म्हणणार, आलोच. ते पुढे झाले. मी त्यांना त्या घरात एकही रूढी मोडताना कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी माझी मीटिंग बुडायची वेळ आणली पण झेंडू हलवू दिला नाही, त्याच अण्णांनी स्विचवरची माळ काढली, शर्टाच्या टोकाने सॉकेटवरचं कुंकू पुसलं. पांढऱ्या शर्टाला लाल डाग पडला. “लाव,” ते म्हणाले. “भरली की जा. मी अडवत नाही, पुट्टी, पोरी. अडवायला नव्हतं केलं हे.” मग, भिंतीकडेच तोंड करून, “तुझी आई तशी पडलेली मला बघवत नव्हती. समोर बसलो की वाटायचं, आता जाईल, आता जाईल. म्हणून पळत होतो मी. शहाळं तिला नको होतं. मला बाहेर जायला काहीतरी हवं होतं.”

बाहेर शेजारी कोणीतरी कोहळा आपटला. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी कुंकवाची वाटी धरून तिथेच राहिले, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

मेधाने वायर खाली ठेवली. अण्णांच्या हातातली माळ घेतली आणि पुन्हा स्विचवर घातली. मग माझ्या हातातल्या कुंकवाच्या वाटीत बोट बुडवून सॉकेटला लावलं आणि तेच बोट वडिलांच्या कपाळावर टेकवलं. “वर्षभर राबताय,” ती म्हणाली. रडत होती, हसतही होती. “आता उद्या दहीभात दाखवेपर्यंत जागचं हलायचं नाही. तुमच्याच घरची रीत आहे.” कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढून तिने त्यांना खांद्याला धरून बसवलं.

अण्णा बसले. सुरुवातीला त्यांचे पाय बसल्या जागी हलत होते, बोटं खडू चाचपत होती. मेधा गाडीचं दार उघडून सीटवर आडवी बसली, पाय बाहेर सोडून, त्यांच्यासमोर. मी दोघांना तिथेच ताटं नेऊन दिली. दुपारी खाली डोकावले तेव्हा मेधा काहीतरी सांगत होती आणि अण्णा ऐकत होते. एकदा उठायला गेले, ओठांवर आलं असणार ते नेहमीचंच. कपाळाला हात लागला, बोटाला कुंकू लागलं, आणि पुन्हा बसले. ती त्या दिवशी गेली नाही. दशमीला सकाळी सॉकेटला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मग वायर लागली, गाडीवरचा छोटा हिरवा दिवा लागला आणि अण्णा माझ्याकडे असे बघून हसले, जणू वीज त्यांनीच शोधून काढली होती.

त्यानंतर रविवार बदलले. अण्णा काही सुधारले नाहीत. सोमवार ते शनिवार तेच, टाकी, शिडी, फुल्या, आलोच. पण रविवारी गॅरेजात दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि गाडी भरेपर्यंत दोघं तिथे बसायची. घरात दिवाणखाना होता, सोफा होता. तिथे जाऊन का बसत नाहीत, असं मी एकदा मेधाला विचारलं. “तिथे ते उठतात,” ती म्हणाली.

चैत्रात माझी बदली पुण्याला झाली. सामान आदल्या दिवशी गेलं, टॅक्सी रविवारी आली. अण्णांना, मेधाला सांगून झालं होतं, नमस्कार झाला होता. टॅक्सीला त्या क्रॉसमधून उलटं बाहेर पडायचं होतं. ड्रायव्हरने मान वळवली, गाडी मागे घेऊ लागला, आणि मी काच खाली करून त्या आवाजाची वाट पाहू लागले. इतक्या वर्षांत त्या क्रॉसमधून अण्णांच्या ‘बर्ली’शिवाय कोणाची गाडी मागे गेलेली मी पाहिली नव्हती.

आवाज आला नाही. गॅरेजचं शटर वर होतं. मेधाची गाडी वायरीला लावलेली होती, ती हात हलवत काही सांगत होती, आणि अण्णा वेताच्या खुर्चीत पेला धरून बसले होते. त्यांना टॅक्सी दिसली. त्यांनी खुर्चीतूनच हात वर केला आणि पुन्हा मुलीकडे वळले. शेजारच्यांच्या कुंडीला आमचा बंपर घासला, ड्रायव्हर चरफडला. मला मात्र हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मला निरोप द्यायला अण्णा उठले नव्हते.